तपासलेली वही

"तुला कसं कळलं नाही गं?" असं माझ्या नणंदेनं मला पहिल्या आठवड्यात तीनदा विचारलं. एकदा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, एकदा आमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधताना आणि एकदा फोनवर. बाई मनानं वाईट नाही. पाठचा भाऊ गेला होता तिचा, कोणाला तरी ती विचारणारच. पण तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्या भावानं तोंड उघडलं असतं, तर कळलं असतं मला. एकतीस वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाच्या छातीत काय चाललंय, ते मी काय बाहेरून टॉर्च मारून बघायचं?" आणि फोन ठेवून दिला.

रडले नाही. मला राग आला होता आणि तो नणंदेचा नव्हता, ह्यांचा होता. डॉक्टर म्हणाले, छातीचा त्रास दोन-तीन महिने तरी होत असणार. दोन-तीन महिने! शेजारी झोपणाऱ्या बायकोला एका शब्दानं सांगायचं नाही? आम्हाला मूलबाळ नाही, घरात दोनच माणसं, सांगायला दुसरं होतं तरी कोण? आणि आता जाब विचारायची सोय नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा आणखी एक वैताग.

मी इंग्रजी शिकवते. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथं संध्याकाळी सहा ते आठ माझा वर्ग भरतो. विद्यार्थी सगळे थोराड. एक नर्स, तीन ड्रायव्हर, बँकेचे दोन वॉचमन, एक बेकरीवाली, असे बावीस जण. दिवसभर राबून येतात, त्यामुळे मी त्यांच्यावर दया करीत नाही. दया केली की माणसं जांभया द्यायला लागतात.

ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. ह्या कामात एक क्रूर गंमत आहे, ती ह्यांनीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट कधीच मिळत नाही. तो जातो तिथं ती बंदच असते. दहा मजले असोत नाहीतर पंधरा, हत्यारांची बॅग खांद्याला लावून त्यानं जिनेच चढायचे, आणि लिफ्ट सुरू झाली की इतरांनी तिच्यातून जायचं. वर आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्टच नाही. तिसरा मजला.

मागच्या वर्षी कंपनीनं फतवा काढला. नवीन मशिनं, त्यांची पुस्तकं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. जो पास होईल तो सुपरवायझर, म्हणजे ऑफिसात खुर्ची आणि टेबलावर फोन. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हे म्हणाले, "मी येऊ का तुझ्या वर्गात?"

"कशाला? काय हौस आलीय आता?"

"जिने फार झाले आता," हे म्हणाले.

"व्यायाम होतो की. बरंच आहे," मी म्हटलं. हे मी म्हटलं, आणि भाजी चिरत राहिले. ते आता मला उठता-बसता आठवतं.

वर्गात यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "तिथं तुला काय म्हणायचं?"

"मॅडम. आणि अहो-जाहो करायचं."

"ते काय, मी घरीही करीन," असं म्हणून हसले. ह्यांचं हसणं म्हणजे ओठाचा एक कोपरा वर जायचा, बस. शेवटच्या बाकावर बसायचे. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणायला लागले. वर्गात माझा नियम होता, इंग्रजीखेरीज शब्द काढायचा नाही. ह्यांना ते फार जड गेलं नाही, कारण हे एरवीही शब्द काढत नसत.

कंपनीचं ते पुस्तक ह्यांनी मला दाखवलं होतं. पानापानावर इफ. दार बंद झालं नाही, तर सेन्सर पाहा. घरघर आवाज आला, तर पुली तपासा. म्हणून मी जर-तरची वाक्यं लवकर घेतली. मी ती चार खणांत घालते. पहिल्या खणात नेहमी होणाऱ्या गोष्टी, पाणी तापवलं तर उकळतं. दुसऱ्यात पुढं होणाऱ्या, उशीर झाला तर बस चुकेल. तिसऱ्यात नुसत्या कल्पना, मला पंख असते तर मी उडाले असते. चौथा खण होऊन गेलेल्या गोष्टींचा. असं केलं असतं तर तसं झालं असतं. चौथ्या खणाबद्दल मी दर वर्षी वर्गाला सांगते, की हा फक्त परीक्षेपुरता शिका, आयुष्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. वर्ग हसतो.

पहिले दोन खण शिकवून झाल्यावर मी गृहपाठ दिला. दहा वाक्यं, स्वतःच्या आयुष्यातली. फळ्यावर नमुना लिहून दिला, की काम जास्त झालं तर माझं डोकं दुखतं. झालं, अर्ध्या वर्गानं तोच उचलला. कोणाचे पाय दुखतात, कोणाची पाठ, कोणाचं पोट. तपासताना वाटलं, आपण दवाखानाच उघडलाय.

माझी तपासायची पद्धत मला सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. मंगळवारी वर्गाला सुट्टी असते. दुपारी मी बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर बावीसही वह्या उघडून चार रांगांत मांडते. गुडघ्याखाली उशी घेते. मग लाल पेन घेऊन सगळ्यांचं पहिलं वाक्य तपासते, बाविसाव्या वहीपर्यंत. मग परत येऊन सगळ्यांचं दुसरं, मग तिसरं. सगळ्यांच्या चुका एकाच जागी असतात, त्यामुळे नजर बसते आणि हात भराभर चालतो. एकेक वही घेऊन बसलं तर चार तास जातात, असं केलं तर दीड. ही युक्ती मी इतर शिक्षिकांनाही शिकवली होती, मोठ्या तोऱ्यात.

हे कधी लवकर घरी आले, की दाराशी उभं राहून बघायचे. "फरशी पुसतेयस की वह्या तपासतेयस?" असं विचारायचे. एकदा म्हणाले, "असं आडवं आडवं वाचलं तर कोणी काय लिहिलंय, ते कळतं का गं?"

"काय लिहिलंय, त्याच्याशी मला काय करायचंय? कसं लिहिलंय ते बघायचं असतं."

"बरं," हे म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

बुधवारी वह्या परत दिल्या. मी फळ्याजवळून पाहिलं, ह्यांनी आपली वही उघडली, बोट ठेवून वरून खालपर्यंत नेलं, पान उलटलं, मागं काही आहे का पाहिलं आणि परत पुढं आणलं. मार्क शोधताहेत असं मला वाटलं. दहापैकी नऊ होते. खाली मी 'व्हेरी गुड' लिहिलं होतं.

"एक मार्क गेला," मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं. "तिसऱ्या वाक्यात एस राहिला." वर्ग हसला. मॅडम घरच्या माणसालाही सोडत नाहीत, हे सगळ्यांना फार आवडलं आणि खरं सांगायचं तर मलाही.

"सॉरी, मॅडम," हे म्हणाले.

घरी येताना आम्ही बरोबर होतो. हे म्हणाले, "वही वाचलीस ना माझी?"

"न वाचताच मार्क दिले का?"

"नाही, तसं नाही," हे म्हणाले. मग दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. मी पुढं गेले, कुलूप उघडलं, दिवा लावला, तरी ह्यांचा पत्ता नाही. मी वरून ओरडले, "अहो, नाडी नीट बांधत जा हो! लहान आहात का?"

त्यानंतर अकराव्या दिवशी हे गेले. दहा मजल्यांची इमारत, लिफ्ट आठव्या मजल्याच्या जरा खाली अडकलेली, आत एक म्हातारे गृहस्थ. हे पाचव्या मजल्यापर्यंत चढले. कामावरचा जोडीदार पुढं गेला होता, तो परत खाली आला तेव्हा हे पायरीवर बसलेले होते, बॅग मांडीवर. अडकलेले गृहस्थ पाऊण तासानं सुखरूप बाहेर आले. मला नंतर भेटायलाही आले होते बिचारे.

हॉस्पिटलनं ह्यांचे बूट एका पिशवीत घालून दिले. मी ते दाराशी, नेहमीच्या जागी ठेवले. दुसरीकडं कुठं ठेवणार?

ह्या बुटांचं एक आहे. हे स्वतःहून स्वतःसाठी कधी काही करायचे नाहीत. मी रागवायला लागायचे. उत्तर द्यायचे नाहीत, पण माझं बोलणं सुरू असतानाच दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालायला घ्यायचे, आणि मी सांगितलेलं काम करायला चालू लागायचे. दाढेच्या वेळी असंच झालं. महिनाभर गालावर हात. मी आधी गोड बोलून पाहिलं, मग एका सकाळी तोंडाचा पट्टा सोडला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हे जिन्यात. दोन तासांनी आले ते दाढ कागदाच्या पुडीत घालून. पुडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "झालं समाधान?" चष्म्याचा नंबर, टायफॉइडचं औषध, सख्ख्या बहिणीशी धरलेला अबोला, सगळं माझ्या रागावण्यावर मार्गी लागलं. मी रागावले नाही असं एकही दुखणं ह्यांचं बरं झालेलं नाही. म्हणूनच मला राग होता, की ह्या वेळी रागवायची संधीसुद्धा दिली नाही माणसानं.

तीन आठवड्यांनी मी वर्ग सुरू केला. शेवटचा बाक कोणी भरला नाही. बेकरीवालीनं हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, जर-तरचा शेवटचा प्रकार राहिलाय." मी म्हटलं, तो परीक्षेत येत नाही. हे खोटं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी भलतंच काहीतरी शिकवलं.

मग एका दुपारी ह्यांचा जोडीदार बॅग घेऊन आला. वीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस. पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायला.

"वहिनी, लॉकर रिकामा करायला सांगितलं म्हणून आणली. हत्यारं कंपनीची होती, ती ठेवून घेतली. बाकी त्यांचं आहे ते आत आहे."

मी विचारलंच. "तुम्हाला काही बोलले होते का हो ते? तब्येतीचं?"

"छे हो. त्यांचं तुम्हाला माहितीच आहे." मग दारात थांबून म्हणाला, "तुम्ही मार्क दिलेली वही मात्र दाखवली होती. दहापैकी नऊ! मी म्हटलं, आता काय, झालात सुपरवायझर. तर म्हणाले, मॅडमनी मार्क दिले, पण. आणि गप्प बसले. मी म्हटलं, पण काय? तर म्हणाले, काही नाही, चल."

तो गेल्यावर मी बॅग उघडली. डबा, पंचा, कंपनीचं पुस्तक आणि पुस्तकात घातलेली वही. माझ्याच अक्षरातलं 'व्हेरी गुड' बघून आधी बरं वाटलं. मग मी वाचायला लागले. समोर एकच वही होती, त्यामुळे वरून खाली वाचण्यावाचून इलाज नव्हता.

मोडक्या इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं. लिफ्ट बंद असली, तर मी जिने चढतो. बरोबर. मी जिने चढलो, तर दुसऱ्या मजल्यावर थांबतो. बरोबर. तिसरं, मी थांबलो नाही, तर माझी छाती दुखते. इथं माझा लाल एस होता, गोल करून घातलेला, आणि पुढं फुली. मी 'दुखते'च्या इंग्रजी शब्दावर पेन टेकवलं होतं. छाती ह्या शब्दाला लागून. एकाचे पाय, एकाची पाठ, एकाचं पोट, आणि हा एक जण एस विसरला, असं म्हणून मी पुढच्या वहीकडं सरकले होते. हस्ताक्षर ओळखलं नव्हतं का? ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच मार्क कापला, उगाच कोणी नावं ठेवायला नको.

चौथं वाक्य, कोणी विचारलं, तर मी बुटाची नाडी बांधतो.

मी वही खाली ठेवली. उठून खिडकी उघडली, परत लावली. मग पुन्हा बसले.

डावा हात जड झाला, तर मी पाना उजव्या हातात घेतो. बरोबर. मी घरी सांगितलं, तर बायको घाबरेल. बरोबर. ती घाबरली, तर तिचा वर्ग बुडेल. बरोबर. मी परीक्षा पास झालो, तर मला जिने चढावे लागणार नाहीत. ह्या मोठ्या वाक्यावर मी खूश झाले होते, पुढं दोन खुणा होत्या.

नववं वाक्य. मॅडमनी माझी दहा वाक्यं एकत्र वाचली, तर त्या रागावतील. ह्या रागावण्याच्या इंग्रजी शब्दात, 'स्कोल्ड'मध्ये, ह्यांनी सी ऐवजी के घातला होता. मी मार्क न कापता तो के खोडून वर सी लिहिला होता. सुबक, व्यवस्थित सी. म्हणजे माझी नजर बरोबर त्या शब्दावर येऊन थांबली होती.

दहावं वाक्य, त्या रागावल्या, तर मी डॉक्टरकडे जाईन.

बरोबर.

 ह्या माणसाला मी कशी वाचते, ते पुरेपूर माहीत होतं. दाराशी उभं राहून पाहिलं होतं, विचारूनही घेतलं होतं. तरी लिहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पोटातलं सगळं बाहेर काढलं, तेही परक्या भाषेत, माझ्या आवडीच्या जागी, माझ्या हातात. मी वाचेन अशी आशा होती, की वाचणार नाही ह्याचीच खात्री होती? दोन्ही असेल. बुधवारी पान उलटून मागं पाहिलं, ते मार्कांसाठी नव्हतं. मी कुठं रागावलेय का, ते शोधत होते.

मी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, ते बोलले होते," मी म्हटलं. "मला सांगितलं होतं त्यांनी. सगळं. लिहून दिलं होतं."

 मग ती म्हणाली, "मग तू काय केलंस?"

"मी दहापैकी नऊ मार्क दिले."

तिला काही समजलं नाही, आणि समजावून सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. ती रडत म्हणाली, "अगं, तू तर उठल्यासुटल्या सगळ्यांवर रागावतेस. त्याच्यावर नेमकी तेव्हाच कशी नाही रागावलीस?" आणि ह्या वेळी फोन तिनं ठेवला.

भर दुपार होती. खालच्या गल्लीत कोणीतरी गाडी मागं घेत होतं. मी वही घेऊन दाराशी गेले. बूट तिथंच होते, नाड्या पक्क्या बांधलेल्या. स्टूल रिकामं होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि रागावले.

"अहो, काय चालवलंय काय हे तुम्ही? छाती दुखतेय आणि नाड्या कसल्या बांधताय? हात जड होतो म्हणे, पाना दुसऱ्या हातात घेतात म्हणे! वर्ग बुडेल? खड्ड्यात गेला वर्ग! बावीस लोकांना इंग्रजी आलं नाही तर कोणाचं काय अडणार होतं? मी घाबरेन म्हणे. घाबरेन नाहीतर काय करीन? घाबरायला दुसरं कोण आहे मला? एक शब्द ऐकून घेणार नाही मी आता. उठा. आत्ताच्या आत्ता उठा, बूट घाला आणि डॉक्टरकडे जा. परीक्षा नको, खुर्ची नको, काही नको. ऐकताय ना? मी सगळी वाचलीत. दहाच्या दहा वाचलीत. उठा म्हणते ना!"

आवाज जिन्यात घुमला. समोरच्यांनी दार किलकिलं केलं आणि परत लावून घेतलं. माझा घसा बसला होता. एवढं रागावल्यावर ह्यांना नेहमी दोन मिनिटं लागायची, एकेका बुटाला एक.

मी वही छातीशी धरून तिथंच जमिनीवर बसले आणि त्या बुटांकडं बघत दोन मिनिटं थांबले. मग आणखी थोडी थांबले.